पावसाचे आकडे आणि तापाचे रुग्ण

पावसाळ्याच्या मध्यावर मुंबईतल्या आमच्या सरकारी रुग्णालयाचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरून जातात. काही वर्षांपूर्वी राउंड घेताना एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, गेले काही दिवस उघडीप आहे, मग लेप्टोचे रुग्ण आत्ताच का वाढले?" रोगजंतू, माणूस आणि परिसर हा पुस्तकातला त्रिकोण त्याला तोंडपाठ होता. पण परिसर म्हणजे त्याच्या लेखी त्या त्रिकोणाचा एक कोपरा होता, बाकी काही नाही.

तेव्हापासून हा धडा आम्ही खरे आकडे समोर ठेवून शिकवतो. सुरुवात करतो ती २६ जुलै २००५ पासून. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास. मुले लगेच सरासरी काढतात, ५०९. मग मी विचारते, "हा ५०९ मिलिमीटर पाऊस नेमका कुठे पडला?" वर्ग गप्प होतो. तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडलेला नसतो. माणूस सरासरी पाण्यातून चालत नाही, आपल्या गल्लीतल्या पाण्यातून चालतो, हे त्यांना तिथे कळते.

पुढचा टप्पा आलेखाचा. एका कागदावर रोजचा पाऊस मांडायचा आणि ट्रेसिंग पेपरवर वॉर्डच्या रजिस्टरमधून लेप्टोचे रोजचे दाखल रुग्ण. नावे नाहीत, फक्त तारखा. कागद एकमेकांवर ठेवले की दोन्हींची शिखरे जुळत नाहीत. "पावसाचा संबंध दिसत नाही," असे मुले म्हणतात. मग मधल्या दिवसांत काय घडते ते त्यांनीच शोधायचे. लेप्टोस्पायरा हे जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. कुत्री आणि गुरेही ते पसरवतात. साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत ते टिकून राहतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात. हे उमगले की कोणीतरी ट्रेसिंग पेपर हळूच मागे सरकवतो आणि शिखरे एकमेकांजवळ येतात.

खऱ्या आकड्यांत खोटही असते आणि तीही शिकवण्यासारखी असते. एका गटाला सोमवारी रुग्ण वाढलेले दिसले. कारण साधे होते, रविवारी ओपीडी बंद असते. रजिस्टरमध्ये दाखल झाल्याची तारीख असते, ताप आल्याची नसते. पत्ता घरचा असतो, पण माणूस पाण्यातून चालला असेल कामाच्या ठिकाणी. शिवाय पाऊस एकटा दोषी नाही. कचरा, तुंबलेली गटारे, उंदीर आणि अनवाणी पाय हे सगळे त्या आलेखामागे उभे असतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास हा विषय आला. त्याचे प्रकल्प अनेकदा आयत्या चित्रांवर आणि उताऱ्यांवर भागवले जातात. त्याऐवजी कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज एक आकडा लिहिला, तरी विद्यार्थी प्रश्न विचारू लागतील.

आमच्याकडे तर या प्रश्नांवर जीव अवलंबून असतो. पाऊस आणि ताप यांतले ते अंतर म्हणजे आपल्या हातातला वेळ. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक औषध वेळेत देता येते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी ते वेगळे असते, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नये. ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल किंवा पिवळे डोळे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नये.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या पावसाळ्यात मी ओपीडीत पाहिले. तापाने आलेल्या हमालाची नाडी बघत तो विचारत होता, "काका, गेल्या दोन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?" नाव आणि वय यांच्यानंतर त्याचा हा पहिला प्रश्न होता.