ऑर्क्नी बेटांवरील संगीतोत्सव

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्क्नी बेटांवर १९७७ साली संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस, कवी जॉर्ज मॅके ब्राउन व काही स्थानिक मंडळींनी सेंट मॅग्नस महोत्सव आरंभिला. ('ऑर्क्नी'चा अंत्य स्वर हा प्राचीन नॉर्समधील बेटवाचक शब्दाचा अवशेष होय.) बेटवासीयांस केवळ श्रोते करणे सोपे होते. परंतु १९७८ च्या महोत्सवात डेव्हिस यांची 'द टू फिडलर्स' ही संगीतिका कर्कवॉलच्या शाळकरी मुलांनीच सादर केली. मुलांच्या आवाक्यात राहावे, तरी त्यांस कमी लेखू नये, ही अट कसलेल्या वादकांसाठी लिहिण्याहून मला अवघड वाटते. पुढे महोत्सवासोबत संगीतरचनेचे व वाद्यवृंदसंचालनाचे अभ्यासवर्गही भरू लागले. नवख्या रचनाकाराचे स्वरलेखन व्यावसायिक वादक वाजवितात, तेव्हाच कागदावरील सुबोध जागा प्रत्यक्षात कोठे अडखळते हे त्यास उमगते.