जुनी मोटार घेताना : आधी तिचा ‘सातबारा’ पाहा

जमीन घ्यावयाची झाली म्हणजे आपल्याकडील अगदी साधा शेतकरीदेखील प्रथम सातबाराचा उतारा पाहतो. कब्जेदार म्हणून कोणाचे नाव लागले आहे, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, फेरफार मंजूर झाला आहे किंवा नाही, याची खातरजमा केल्यावाचून तो बयाणा देत नाही. परंतु तोच मनुष्य तीन-चार लाख रुपयांची जुनी मोटार घेताना बहुधा तिचा रंग पाहतो, टायरला हात लावतो, एक फेरी मारतो आणि दलालाच्या शब्दावर व्यवहार उरकतो. गाडीलाही सातबारा असतो आणि तो पाहता येतो, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

मोटार ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी नोकरी करणारा शिक्षक, आजारी वडिलांना दर आठवड्यास जिल्ह्याच्या रुग्णालयात नेणारा मुलगा, भाजीपाल्याचा लहानसा व्यापार करणारी कुटुंबे यांना जुनी गाडी हाच परवडणारा मार्ग असतो. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढली जाते, कधी दागिने गहाण पडतात. अशा कुटुंबाला एक फसलेला व्यवहार अनेक वर्षे पुरतो. म्हणूनच गाडीच्या पूर्वेतिहासाची तपासणी कशी करावी, याची माहिती प्रत्येक खरेदीदारास असणे अगत्याचे आहे.

नाव कोणाचे लागले आहे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी झालेली असते, तोच त्या वाहनाचा मालक समजला जातो. गाडी कोणाच्या दारात उभी आहे अथवा किल्ली कोणाच्या हाती आहे, यास महत्त्व नाही. म्हणून सर्वप्रथम नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण बोलीभाषेत ‘आर. सी. बुक’ म्हणतो, ते मागावे. त्यावरील नाव आणि समोर बसलेल्या विक्रेत्याचे ओळखपत्र यांचा मेळ बसला पाहिजे. नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, रंग आणि मालकाचा अनुक्रमांक या बाबीही त्यावर नमूद असतात. ‘एका हातची गाडी’ म्हणून सांगितलेली मोटार प्रत्यक्षात तिसऱ्या मालकाची असल्याचे त्या एका आकड्यावरून उघड होते.

केवळ कागदावर विसंबू नये. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ‘वाहन’ ही संगणकीकृत नोंदवही ठेविली असून, ‘परिवहन’ या संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ या भ्रमणध्वनीवरील उपयोजनावर गाडीचा क्रमांक दिल्यास तिची मुख्य माहिती दिसते. विम्याची व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदतही तेथे कळते. वाहतूक नियमभंगाची थकलेली ई-चलानेही गाडीच्या क्रमांकावरून पाहता येतात. दंड थकला असेल तर हस्तांतरणात अडथळा येऊ शकतो. म्हणून तो विक्रेत्याकडूनच आधी भरून घ्यावा.

मूळ मालक मृत झाला असल्यास वारसाने नमुना ३१ मध्ये अर्ज करून गाडी आपल्या नावे करून घेतली आहे काय, हे पाहावे. “आमचे वडीलच होते, काही अडचण येणार नाही,” या आश्वासनावर रक्कम देणे धोक्याचे आहे.

बोजा कोणाचा आहे?

अनेक मोटारी कर्ज काढून घेतलेल्या असतात. कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तारणाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असते. सातबारावरील सोसायटीच्या बोजासारखीच ही नोंद होय. कर्ज फेडल्यानंतरही ती आपोआप निघून जातेच असे नाही. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन नमुना ३५ द्वारे ती कमी करून घ्यावी लागते. “हप्ते केव्हाच संपले,” असे विक्रेता म्हणाला तरी बोजा उतरल्याची नोंद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. प्रमाणपत्राची दुय्यम प्रत दाखविली जात असेल, तर मूळ प्रत कोठे गेली, ती कोणाकडे तारण तर नाही ना, याची चौकशी करावी.

गाडी परराज्यातील असल्यास तेथील नोंदणी अधिकाऱ्याचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. शिवाय महाराष्ट्रात नोंदणी करताना येथील मोटार वाहन कर भरावा लागतो. परप्रांतातून आलेली गाडी स्वस्त दिसते, परंतु ही रक्कम मिळविल्यावर ती स्वस्त राहते काय, याचा हिशेब आधीच करावा. गाडीचे वयही पाहावे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करवून नूतनीकरण करावे लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो.

चोरीची तर नव्हे?

प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर कारखान्यातच कोरलेला चासी क्रमांक असतो. हा सतरा अक्षरे-अंकांचा असून, एक आणि शून्य या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. हा क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांकांशी एकेक अक्षर लावून ताडून पाहावेत. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली असता त्याचा ठसा उमटतो. अंक घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा त्यांच्याभोवती वेल्डिंग केल्याची खूण दिसल्यास तेथूनच परत फिरावे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची आहे. त्यानंतरच्या गाडीवर ती नसल्यास कारण विचारावे. चोरीस गेलेल्या वाहनांच्या पोलीस नोंदींशी क्रमांक पडताळून पाहण्याची सोयही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने नागरिकांसाठी संगणकावर केली आहे.

ही काळजी अनाठायी नव्हे. माल विक्री अधिनियम, १९३० चे सर्वसाधारण तत्त्व असे आहे, की विक्रेत्याला जी मालकी नाही, ती तो खरेदीदारास देऊ शकत नाही. चोरीची गाडी अजाणतेपणी घेतली तरी ती मुद्देमाल म्हणून जप्त होऊ शकते. मग गाडीही जाते आणि पैसेही जातात.

गाडीच्या अंगावरील खुणा

कागद जे सांगत नाहीत ते गाडी स्वतः सांगते. दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक महापुरात असंख्य गाड्या बुडतात. त्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. पुढे त्यांची विद्युत यंत्रणा केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो. पुराची खूण ओळखणे फारसे कठीण नाही. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गढूळ पाण्याची रेघ राहिलेली असते. पायाखालचा गालिचा उचलून पाहावा, आसनाखालील बोल्ट गंजले आहेत काय ते पाहावे, डिकीतील जादा चाकाच्या खड्ड्यात बारीक गाळ साचला आहे काय ते तपासावे. बंद गाडीत कुबट वास येत असल्यास किंवा तो झाकण्यासाठी सुगंधाचा अतिरेक केला असल्यास सावध व्हावे.

अपघाताच्या खुणा बॉनेट आणि दारांच्या बोल्टांवर सापडतात. पान्याने बोल्ट फिरविल्यास त्यांवरील मूळ रंग उडतो. दोन पत्र्यांमधील फट एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद असणे, रंगाच्या छटेत फरक असणे ही डेंटिंग-पेंटिंगची लक्षणे होत. विमा कंपनीकडे कोणते दावे झाले होते, याची माहिती मालकाकरवी मागवावी.

मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर तर एकट्याने विश्वास ठेवूच नये. तो मागे फिरविता येतो. अधिकृत दुरुस्ती केंद्रातील नोंदींत प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्यांचा क्रम चढता असला पाहिजे. टायरच्या बाजूवर चार अंकांचा संकेत असतो. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील टायर असा होतो. पंधरा हजार किलोमीटर धावल्याचे सांगितलेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असावेत आणि क्लचच्या पट्टीचे रबर गुळगुळीत झालेले असावे, हे सुसंगत नव्हे. आपल्या विश्वासातील मिस्त्रीस बरोबर न्यावे. त्यास दिलेली मजुरी ही खर्च नसून बचतच होय.

फेरफार पूर्ण झाल्यावाचून व्यवहार पूर्ण नव्हे

पैसे दिले आणि किल्ली घेतली म्हणजे सर्व झाले, हा समज घातक आहे. अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातील हस्तांतरण विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. टी. टी. फॉर्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कागदांवर कोऱ्या सह्या देण्या-घेण्याची प्रथा मात्र अत्यंत अनिष्ट आहे. अशा कोऱ्या सह्यांवर एकच गाडी नोंद न होता तीन-चार हातांतून फिरते.

त्याचा परिणाम विक्रेत्यासही भोगावा लागतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी एकामागून एक हस्तांतरित होत गेली होती, परंतु दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. पुढे त्या गाडीचा अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये असा निर्णय दिला, की नोंदीत ज्याचे नाव आहे तोच नुकसानभरपाईस जबाबदार ठरतो. गाडी विकून निर्धास्त झालेल्या प्रत्येक गृहस्थाने हा निर्णय ध्यानात ठेवावा.

विम्याचेही तसेच आहे. त्रयस्थाच्या हानीचे विमासंरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा लाभ मिळण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून विमापत्र आपल्या नावे करून घ्यावे. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र जुन्या मालकाचीच राहते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम अमलात आले आहेत. त्यांनुसार व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घ्यावयाचे असते आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना द्यावयाची असते. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना हे अधिकारपत्र दाखविण्याची मागणी निःसंकोचपणे करावी.

या सर्व तपासणीस फार तर दोन-चार दिवस आणि थोडा खर्च लागतो. “दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आजच टोकन द्या,” अशी घाई करणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. ज्याचे कागद स्वच्छ आहेत, तो ते दाखविण्यास कचरत नाही. गाडी दारात आल्यावर घरातील बायका-मुले तिला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. त्या आनंदाच्या क्षणी नोंदणी प्रमाणपत्रावरही आपलेच नाव असावे, एवढी दक्षता प्रत्येक खरेदीदाराने घेतली, तर कष्टाच्या पैशाचे चीज होईल आणि पश्चात्तापाची पाळी येणार नाही.