फांदीच्या आतलं झाड

मिरा-भाईंदरमध्ये काशिमीऱ्यापासून घोडबंदरपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल वस्तीला खेटून आहे. हिवाळ्यात तिथल्या एखाद्या आंब्यावर वेगळ्याच जाड पानांचा झुपका आणि त्यात नळीसारखी केशरी फुलं दिसली, तर ते बांडगूळ समजावं.

खरा कारभार सालीखाली चालतो. बांडगुळाची शोषक मुळं फांदीत घुसून आंब्याच्या जलवाहिन्यांना जोडली जातात. पाणी आणि क्षार आंब्याचे. साखर मात्र ते आपल्या हिरव्या पानांत स्वतः बनवतं. म्हणून ते अर्धपरजीवी. पाण्याची टंचाई झाली की झाडं पर्णरंध्रं मिटून घेतात, बांडगूळ मात्र पाणी उडवतच राहतं. फुकटच्या पाण्याची काटकसर कोण करतो! या जोडावर झालेल्या गाठीच्या पुढची फांदी हळूहळू वाळते.

बांडगुळाचं बी फांदीवर पोचतं कसं? पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या बांडगुळावर याच विषयाचा लेख लिहिला. शिंजीर पक्षी फुलांतला मध पिताना परागीभवन करतो. इवलासा फुलटोच्या पक्षी फळं गिळतो. त्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेलं बी इतकं चिकट असतं, की ते त्याला फांदीवर पुसूनच टाकावं लागतं. पेरणी झाली!

बांडगूळ निदान निम्मं तरी बाहेर राहतं. अरुणाचलच्या नामदाफा जंगलातली सॅप्रिया ही परजीवी वनस्पती तेवढंही करत नाही. तिला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. द्राक्षकुळातल्या रानवेलीच्या आत ती नुसत्या पेशींच्या धाग्यांच्या रूपात पसरलेली असते. वेलीची साल फोडून बाहेर येतं ते थेट फूल: लालभडक, फिकट पिवळ्या ठिपक्यांचं, जवळपास वीतभर. सुमात्रातलं मीटरभर रुंदीचं रॅफ्लेशिया हे तिचंच भावंड. 2021 मध्ये सॅप्रियाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सपुष्प वनस्पतींत सर्रास आढळणारी सुमारे 44 टक्के जनुकं त्यात सापडलीच नाहीत. हरितलवकाचा जनुकसंच तर साफ नाहीसा झालेला. उलट यजमान वेलींची काही जनुकं तिच्यात शिरलेली आहेत.

आंबा वाचवायचा तर बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नाही, आतल्या मुळांतून ते पुन्हा फुटतं. फांदी गाठीच्या बरीच खालून, फळं पिकण्याआधी छाटावी. शहरात त्यासाठी आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करावी. जंगलातलं बांडगूळ मात्र राहू द्यावं. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात.