झाकण उघडता येणारे रिसीव्हर

जपानी स्टिरिओ रिसीव्हरचा सुवर्णकाळ सत्तरच्या दशकातला. १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अँप्लिफायरची ताकद कशी मोजून जाहीर करायची याचा नियम केला आणि जाहिरातींतल्या फुगवलेल्या आकड्यांना चाप बसला. मग खरे वॉट वाढवण्याची चढाओढ लागली: पायोनियरचा एसएक्स-१२५० दर चॅनेलला १६० वॉट देई, १९७८ चा एसएक्स-१९८० तर २७०. त्या काळात आपल्याकडे परदेशी सेटवर जबर आयात शुल्क होतं. रायगड-रत्नागिरीतली माणसं आखातात कामाला जाऊ लागली होती. परदेशी सेट आपल्याकडे यायचे ते बहुतेक अशांच्या सामानातून. १९९१ नंतर आयात हळूहळू खुली झाली, पुढे होम थिएटर आलं, आणि ही जड धुडं माळ्यावर किंवा भंगारात गेली. गल्लीतले रेडिओ मेकॅनिकही कमी होत गेले. त्यावरून ‘आता हे दुरुस्त कोण करणार?’ असं सर्रास म्हटलं जातं. मला वाटतं, पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर असा सेट उघडणाऱ्या हौशी माणसाला आजच्याइतके अनुकूल दिवस पूर्वी कधीच नव्हते. आणि त्याचं मोठं श्रेय सेट बनवणाऱ्यांचं आहे.

कारण आत पाहिलं की कळतं. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर सगळे सुटे, डोळ्यांना दिसतील एवढे, साध्या सोल्डरिंग आयर्नने काढता येतील असे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अख्खा सर्किट डायग्राम, जागोजागी किती व्होल्ट हवेत ते छापलेलं. पूर्वी ते मेकॅनिकलाही मुश्किलीने मिळे, आज मोबाइलवर मिळतं. बिघाडही ठरलेले असतात. आवाज कमी ठेवला की एक बाजू गप्प होते आणि वाढवला की परत येते, तेव्हा बहुधा स्पीकर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. खाडीकाठच्या पनवेलची दमट हवा त्यांना मानवत नाही. नॉब फिरवताना येणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावे लागतात. हार्बर लाइनवर खांदेश्वरहून गाडी पकडली की लॅमिंग्टन रोडवर ते आजही मिळतात.

हौशी माणसाने विजेशी खेळू नये, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये. शिवाय सिरीज बल्बची जुनी पद्धत शिकायला हवी. सेटच्या वाटेत १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. चालू करताच तो क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करायचं. एलईडी बल्ब या कामाचा नाही. मग स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी मोजायचा. तो काही मिलिव्होल्टच असायला हवा. कित्येक व्होल्ट आढळले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेल्याची शंका घ्यावी आणि स्पीकर जोडू नये, कारण तो जळायला तेवढं पुरतं. एवढं पाळणाऱ्याला धोका राहतो, पण तो आटोक्यातला.

‘त्या पैशात नवा ब्लूटूथ स्पीकर येईल’ हा आक्षेप काही सेटच्या बाबतीत अगदी रास्त आहे. खास जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टवर चालतो आणि त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा; मुंबईची ९१.१ किंवा ९८.३ ही स्टेशनं त्यावर लागणारच नाहीत. तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. ज्यांत आउटपुटचा एकच एसटीके आयसी असतो तेही जपून घ्यावेत, कारण बाजारात त्याच्या नकला फार. पण मागे व्होल्टेज सिलेक्टर असलेला, सुट्या ट्रान्झिस्टरचा सेट घेतला, सिलेक्टर २४० वर ठेवला, तर हिशेब पालटतो. ब्लूटूथ स्पीकरची चिकटवलेली बॅटरी संपली की बहुतेकदा अख्खी वस्तूच टाकावी लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली ती जुलै २०२२ मध्ये. मॅन्युअल आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हीच त्यामागची मागणी.