सारेच वयामुळे नसते

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथील अनेक घरांतील कर्ती माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघतात, ती रात्रीच परततात. दिवसभर घरी असलेल्या आजींचे बोलणे कमी झाले, आवाज घोगरा झाला, चालणे मंदावले, मे महिन्यातही त्या शाल पांघरून बसू लागल्या, हे बदल इतके सावकाश होतात की ते कोणाच्या ध्यानात येत नाहीत. आले तरी ‘आता वय झाले’ एवढे म्हणून विषय संपतो. पुष्कळदा ते खरेही असते; परंतु काही वेळा या साऱ्यामागे गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचे मंदावलेले काम असते, आणि त्यावर उपाय आहे.

ही ग्रंथी म्हणजे अवटू, अर्थात थायरॉइड. आकार फुलपाखरासारखा, वजन सुमारे 20 ग्रॅम. अन्नातील आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार करते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब आणि मेंदूची तरतरी यांचा वेग त्यावर ठरतो. ते कमी पडले की थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, चेहऱ्यावर सूज, विसराळूपणा, उदासी दिसू लागते.

अहवाल कसा वाचावा?

गच्चीवरील टाकीतले पाणी उतरले की सोसायटीचा रखवालदार पंप चालू करतो. टाकी भरली की बंद करतो. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी हेच काम करते. रक्तातील थायरॉक्सिन घटले की ती टीएसएच हे संप्रेरक अधिक सोडून अवटूला कामाला लावते. पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणून टीएसएच वाढलेले दिसले, तर अवटू जोमात आहे असे समजू नये. बहुधा अर्थ उलटा असतो: रखवालदाराने बटण दाबून धरले आहे, पण पंपच थकला आहे.

या थकव्याचे एक प्रमुख कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच अवटूवर केलेला हल्ला. जपानी वैद्य हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये या विकाराचे वर्णन केले. अशा वेळी आयोडीनयुक्त मीठ अधिक खाल्ल्याने आजार बरा होत नाही. रक्तदाब मात्र वाढू शकतो.

उतारवयात टीएसएच थोडे वाढणे स्वाभाविक असते. तेव्हा किंचित वाढीसाठी प्रत्येकालाच गोळी लागते असे नाही. हृदयविकार असल्यास डॉक्टर अगदी लहान मात्रेने सुरुवात करतात.

गोळीचे पथ्य

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा आणि न्याहारी अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर, कारण ती थायरॉक्सिनचे शोषण अडवते. औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. फेरतपासणीही तेव्हाच करतात. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये, आणि मरगळ वाटते म्हणून मनाने वाढवूही नये. अतिरिक्त मात्रेने हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. दिवसभर एकट्या असणाऱ्या वृद्धांसाठी सात कप्प्यांची डबी भरून ठेवणे सोयीचे.

ज्यांची अवटू मंद आहे अशा व्यक्तीला सतत गुंगी येऊ लागली, अंग गार पडले, श्वास संथ झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वाचकहो, घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे मागच्या दिवाळीचे छायाचित्र काढून पाहा. चेहरा, उत्साह, वजन यांत फरक जाणवला, तर डॉक्टरांना एवढेच विचारा: ‘थायरॉइडची तपासणी करून पाहावी का?’ वय मागे नेता येत नाही. वयाच्या नावाखाली दडलेला आजार मात्र ओळखता येतो.