इंजिन उतरलं आमच्या पडवीत

“अगं, पडवीत भंगाराचं दुकान टाकलंय की काय?” शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. समोर जुन्या चादरीवर मोटारीचं अख्खं इंजिन सुटं होऊन पडलं होतं.

मैत्रिणींनो, मी बी. ए. झालेली, सकाळी तीन तास शाळेत मराठी शिकवणारी बाई. गाडी चालते किंवा चालत नाही, यापलीकडे मला काही कळत नसे. मग हे खूळ कुठून आलं? त्याचं कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. १९८६ साली त्यांनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी आता बनत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमच्या गाडीच्या बॉनेटखाली मात्र अण्णांखेरीज कोणाचा हात जात नसे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि गाडीही बसली. चालू केली की निळा धूर! गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. भंगारवाला येऊन बघून गेला. अण्णा “देऊन टाका” म्हणाले, भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि रात्री जेवले नाहीत.

मी ह्यांना म्हटलं, “हात आपले, डोकं अण्णांचं. करून तर बघू!”

दिवाळीची सुटी लागली आणि अण्णांची आरामखुर्ची पडवीत आली.

आधी रोग ओळखा, मग पाना उचला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थांबतच नाही आणि पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. अण्णांनी कॉम्प्रेशन गेज आणवला. प्लगच्या जागी तो लावून स्टार्टर फिरवला, की प्रत्येक सिलिंडरचा दाब कळतो. आमचे दोन सिलिंडर कमी भरले. मग त्यांत चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिलं. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. आमचा वाढला. म्हणजे इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता काही पथ्यं सांगते, ती काटेकोर पाळा. बॅटरी आधी सोडवा. बांगड्या, अंगठी काढा. मंगळसूत्र आत, ओढणी दूर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, भक्कम स्टँड लावा. पेट्रोल काढाल तेव्हा जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. आणि इंजिन उचलायला चेनपुली स्टँडसकट भाड्याने आणा. पंख्याच्या हुकाला टांगायचा विचार आमच्या घरात झाला होता. अण्णांनी खुर्चीतूनच हाणून पाडला!

सुटे भाग ठेवण्याचं काम आपल्या हातचं. श्रीखंडाचे रिकामे डबे इतके कधी उपयोगी पडले नव्हते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. प्लगच्या वायरींना नंबर. कारण हे चार सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात आणि वायर चुकली तर इंजिन नुसतं खोकतं.

सगळंच घरी करू म्हणाल, तर तसं नाही हं! आमचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिलिमीटरचा. तो किती झिजलाय, किती अंडाकृती झालाय, हे मापायला आणि नव्याने बोअर करायला ब्लॉक शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडेच नेला. क्रँकचं ग्राइंडिंगही तिथेच. वाढीव मापाचे पिस्टन आणि रिंगा त्यानंतर आल्या.

व्हॉल्व्ह मात्र मी घरी बसवले. बैठकीला पेस्ट लावायची, व्हॉल्व्हला रबरी चूषक काठी चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची. करडी, अखंड कडी दिसली की झालं. मग पेस्टचा कण न कण धुऊन काढायचा. राहिला तर तोच नवं इंजिन खातो.

रिंगांचंही तसंच. प्रत्येक रिंग आधी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजायची. आमच्याकडे ती साधारण पाव मिलिमीटर हवी होती. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

आणि आता माझी चूक. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोप्या ज्याच्या त्यालाच बसवायच्या असतात. मी प्रत्येकीवर नंबर घातले होते. तोंड कुठल्या बाजूला, ते लिहिलं नव्हतं. दोन टोप्या बसल्या, क्रँक हाताने छान फिरला. तिसरी आवळली आणि फिरणं जड झालं. रात्रीचे अकरा वाजले होते. हे म्हणाले, “तेल पडलं की मोकळं होईल.” मलाही तसंच वाटायला हवं होतं, इतकी दमले होते.

अण्णा अजून नीट बोलू शकत नाहीत. तरी एकच शब्द स्पष्ट आला, “उघड.”

टोपी उलटी बसली होती. तसंच चालू केलं असतं तर नवं बेअरिंग जळालं असतं आणि क्रँकही गेला असता. म्हणून सांगते, नंबरासोबत बाणही काढा, आणि एकेक टोपी आवळली की क्रँक फिरवून बघा.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाला आवळले. तेल, पाणी भरलं. प्लग काढून ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवला, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. जुनं तेल गटारात ओतलं नाही. डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात नेऊन दिलं.

सुटीत होईल म्हटलेलं काम डिसेंबरात संपलं. पहिल्या दोन चाव्यांना काहीच नाही. तिसऱ्या चावीला इंजिन धडधडलं आणि मी आधी धूर पाहिला. निळा नव्हता!

अण्णांचा हात काही बरा झालेला नाही. पण पहिल्याच रविवारी ते पुढच्या सीटवर बसले आणि आम्ही रंकाळ्यापर्यंत सावकाश जाऊन आलो. नवीन इंजिनाला सुरुवातीला दामटायचं नसतं. परत आल्यावर काकू कुंपणाशी होत्याच. अण्णांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं आणि अडखळत म्हणाले, “सूनबाईनं बांधलंय.”

संध्याकाळी पान्यांचा डबा त्यांच्या खाटेखालून निघून माझ्या शिवणयंत्राशेजारी आला होता. कोणी ठेवला, ते मी विचारलं नाही.