चाकाचा नट हटून बसतो तेव्हा

दिवाळीची सुटी लागली की पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने गावाकडे निघतात. फराळाचे डबे, मुलांचे नवे कपडे, आजीची औषधे, सारे आठवणीने गाडीत चढते. आठवत नाही ते एकच : चाकाचे नट सुटतात की नाही, हे पाहायचे! आणि मग जिंतूर मागे टाकून, येलदरीवरून सेनगावची वाट धरावी, सांज व्हावी आणि नेमके तेव्हाच चाक बसावे. स्टेपनी आहे, जॅक आहे, पानाही आहे. पण नट काही केल्या हलत नाही!

सेनगाव हा हिंगोली जिल्ह्यातला तालुका. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. संत नामदेवांच्या नरसीचा आणि कयाधू नदीचा हा परिसर. जमीन काळी आणि चिकट. पावसाळ्यात तो चिखल चाकाच्या खोबणीत जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो आणि लोखंडाला गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते आणि नट व बोल्ट जणू एकजीव होतात.

परंतु सारा दोष पावसाच्या माथी मारू नये. पुष्कळदा खरे कारण शहरातच घडलेले असते. दुकानात हवेच्या यंत्राने नट भराभर आवळले जातात, तेही गरजेच्या कितीतरी पट जोराने. मीटरभर दांड्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगले तर जो पीळ पडतो, साधारण तेवढाच लहान मोटारीच्या नटाला पुरतो.

आता उपाय. गाडी सपाट, टणक जागी घ्या, हातब्रेक ओढा, गिअर टाका आणि दुसऱ्या चाकांना दगडांची उटी लावा. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर चढवलेल्या गाडीशी झटापट करणे म्हणजे जिवाशी खेळ! उघड्या आट्यांवरची माती तारेच्या ब्रशाने झाडा आणि नटाच्या कडेला गंज सोडवणारे पातळ तेल सोडा. नसेल तर थोडे डिझेल. मात्र त्याचा थेंबही ब्रेकवर जाता कामा नये. पंधरा-वीस मिनिटे थांबा. एवढ्यात चहा होतो! मग नटाच्या माथ्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड ढिली होते.

पाना सहा कोनांचा असावा आणि नटावर पुरता बसावा. नाहीतर नटाचे कोपरे झिजतात आणि दुखणे वाढते. दांडा डावीकडे आडवा ठेवून खाली दाबा. गाडीतला पाना जेमतेम वीतभर लांब असतो. त्यावर मजबूत पोकळ नळी चढवून लांबी तिप्पट केली की जोर एक तृतीयांश पुरतो. जिथे 40 किलोंचा भार लागत होता, तिथे 14 किलो बस्स झाले. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची मर्दुमकी नको. पाय घसरतो, किंवा बोल्टच तुटतो. नट हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सोडा. असे दोनचारदा करा. जुन्या काही मालमोटारींच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत, हेही ध्यानी असू द्या.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून फुगवीत, हे आपण ऐकलेले असते. म्हणून कुणी मोटारीचा नटही तापवू पाहतो. टायर चढवलेल्या चाकाला जाळ लावू नये. टायर फुटून जीव जाऊ शकतो. ते काम कारागिराचे.

नट निघाले तरी चाक चिकटून बसलेले असेल, तर नट पुन्हा हाताने दोन-दोन वेढे बसवा, जॅक उतरवा आणि गाडी सावकाश चार हात पुढेमागे हलवा. चाक सुटते.

नवे चाक चढवताना आटे पुसून कोरडे करा, नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे एकेक आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

खरी युक्ती मात्र प्रवासाआधीची. निघण्याच्या आठवडाभर अगोदर अंगणात प्रत्येक नट एकदा सैल करून योग्य तेवढाच आवळा. नटाला चोरीप्रतिबंधक कुलूप असेल तर त्याची चावी गाडीत आहे ना, तेही पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे. पण त्यानेच भाऊबीजेचे ताट वेळेवर वाढले जाईल.